आवाजाच्या डब्याबद्दल, धाकटीस

४ ऑगस्ट

धाकटे,

तू मला विसरलीस अशी माझी तक्रार नाही. विसरायला आधी लक्षात ठेवावं लागतं. लहानपणी तू शाळेत जाताना दप्तर विसरायचीस आणि घरी येताना शाळा. म्हणून आठवण करून देते. मी तुझी ताई. तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि वीतभर बुटकी. नऊ वर्षांपूर्वी तू अक्रोडांचं खोकं पाठवलंस आणि जिने ते न उघडता, नुसतं हलवून बघून परत पाठवलं, ती.

मला अजूनही लिहिता येत नाही. सत्तेचाळीस वर्षं छापखान्यात पुस्तकं शिवली, एकही वाचलं नाही. हे पत्र खालच्या मजल्यावरचे प्रूफवाले लिहितायत. मी बांधणीत होते तेव्हा ते वरच्या खोलीत प्रूफं तपासायचे. आता आम्ही दोघं निवृत्त आहोत, त्यांचा लाल पेन मात्र अजून नोकरीत आहे. मी बोलते तसंच लिहायचं असं ठरलंय. ते आत्ताच विचारत होते, "वीतभर बुटकी, हे खोडू का?" म्हटलं, "तिने मला बघितलंय. ठेवा."

आता कामाचं. चिमणीचं पत्र आलं. तुझ्या गावात नर्सिंग शिकायला आली आणि तुझ्याकडे दुतारी शिकायला लागली, ती माझी नात. कुणाची नात ते सांगून ठेवलेलं बरं, कारण पत्र ऐकताना मलाच शंका आली. प्रूफवाल्यांना मोजायला लावलं. चार पानांत 'धाकटी आजी' चौदा वेळा. नुसती 'आजी' पाच वेळा, त्यातली एक अगदी वर आणि एक अगदी खाली, जिथे लिहावीच लागते.

ती म्हणते, वीस ऑक्टोबरला तिचा पहिला कार्यक्रम आहे. तीनशे खुर्च्यांचं सभागृह. दुतारीच्या दोन तारांचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नाही, तेव्हा अँप्लिफायर घ्यावा लागणार. धाकटी आजी म्हणते मोठा काळा घे, एकदाच काय तो होईल. आजी, तुला काय वाटतं? आणि मग शेवटी, पाय निघत नसलेल्या पाहुण्यासारखं, दारात: "तुझी जुनी दुतारी पाठवशील का? धाकट्या आजीने दिलेली नवी चांगली आहे, पण ती जुनीसारखी बोलत नाही."

म्हणजे तू तिला नवी दुतारीही दिलीस. चांगलं केलंस. मी काय दिलं होतं? नुसतं बोट कुठे ठेवायचं ते.

जुनी मिळणार नाही. तिची एक खुंटी सैल आहे, पोटाला चीर आहे, प्रवासात हवा बदलली की चीर वाढेल. एवढी कारणं आज पुरेत. लागली तर आणखी पाठवीन.

आणि तो मोठा काळा डबा घेऊ नका. तुला आवाजातलं काय कळतं असं मी विचारलं असतं, पण रेडिओवर तुझी मुलाखत झालेली आहे, तेव्हा कळत असणार. "घरात मी एकटीच वाजवायचे," असं सांगितलंस ना त्यात? ऐकलंय मी. शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी उठले नव्हते.

डबा मी स्वतः बघून येते. तोवर काही विकत घेऊ नका.

ताई

१९ ऑगस्ट

धाकटे,

उत्तर नाही. टपाल हरवलं असेल असं प्रूफवाले म्हणाले. चांगला माणूस आहे, कुणाबद्दलही काही वाईट वाचू शकत नाही.

बस डेपोच्या मागे वाद्यांचं एक दुकान आहे. चाळिशीची बाई चालवते, केस पोरांसारखे कापलेले, बोलणं सुरीसारखं. मी दुतारी चादरीत गुंडाळून नेली. ती म्हणाली, "आजी, विकायची आहे?" म्हटलं, "नाही बाई. तुझं दुकान विकायचं असेल तर सांग." तेव्हापासून आमचं जमलं.

तिने आधी पिकअप लावला. बटणाएवढी चकती असते. दुतारीच्या पोटावर, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या जवळ चिकटवायची, म्हणजे लाकूड थरथरलं की ती थरथर वायरीतून डब्यात जाते. तिला वाटलं ती मला काहीतरी नवीन सांगतेय. मला हे दहाव्या वर्षी ठाऊक होतं, तुला सहाव्या. बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, आणि आपण तारांखाली फडकं कोंबून, दुतारीचं डोकं दातांत धरून वाजवायचो. खोलीत जरा आवाज नाही, आणि कवटीत सगळी दुतारी. दोन ओळी तुझ्या, दोन माझ्या. लाकडावर अजून खुणा आहेत. डावीकडे तुझे वाकडे, उजवीकडे माझे. घरात एकटीच वाजवणाऱ्या बाईचे दात दोन तऱ्हेचे कसे, हे त्या रेडिओवाल्याने विचारायला हवं होतं.

पहिला डबा विजेच्या गिटारीचा निघाला. त्यात आवाज मुद्दाम खरबरीत करायची सोय असते. गिटारीला शोभत असेल. दुतारी त्यातून अशी आली की जणू बादलीत कुणी खिळे हलवतंय. दुसरा म्हणजे तुझा मोठा काळा. त्याच्यासमोर बसून मी तार छेडली, तर त्याने अशी काही शिट्टी मारली की दुकानवाली गल्ला सोडून धावली. डब्यातून निघालेला आवाज पुन्हा दुतारीच्या पोकळ पोटात शिरतो, तिथून परत डब्यात, आणि असा फिरता फिरता वाढत जातो, असं तिने समजावलं. म्हटलं, कळलं. आमच्या घरात रेडिओवरचं एक वाक्य असंच नऊ वर्षं फिरतंय.

तिसरा लाकडी. पावाच्या डब्याएवढा. एका हाताने उचलता येतो, बॅटरीवरही चालतो. दोन भोकं आहेत, एक दुतारीला आणि एक गळ्याला, म्हणजे चिमणी गाणार असेल तर तेही त्यातूनच. या डब्याने दुतारीला दुतारीच राहू दिलं. नवशिक्या पोरीला हाच. मोठा डबा घेतला की तो सांभाळण्यातच जीव जातो आणि वाजवायचं राहतं.

मी डब्यावर हात ठेवला आणि म्हटलं, वाढव. ती म्हणाली, "अजून?" म्हटलं, अजून. पलीकडे एक गृहस्थ बासऱ्या बघत होता, तो बासरी ठेवून बाहेर गेला. हल्ली लोकांचे कान फार नाजूक झालेत. मी अर्धा तास वाजवलं. अर्धा तास, धाकटे. उठवेना.

लाकडी घ्या. मोठा काळा नको.

ताई

(ही ओळ आजींनी सांगितलेली नाही. मी त्यांच्याबरोबर दुकानात होतो. आवाज इतका होता की काचेचं कपाट थरथरत होतं, आणि आजी म्हणत होत्या, "हां, आता कुठे." पत्र पूर्ण झालं की मी ते मोठ्याने वाचून दाखवतो. त्या भलत्याच जागी मान हलवतात. घरी वाजवताना त्या दुतारीचं डोकं दातांत धरतात. ती आपल्या घराण्याची पद्धत असावी असं मी समजत होतो. आज हे पत्र लिहिताना उलगडा झाला. दुसऱ्याच्या मजकुरात शब्द घालण्याची ही माझी पहिली वेळ. क्षमस्व. प्रूफ तपासनीस.)

९ सप्टेंबर

धाकटे,

अक्षर वेगळं दिसेल. हे पत्र दुकानवाली लिहितेय, गल्ल्यावर बसून. गिऱ्हाईक आलं की थांबते. प्रूफवाल्यांशी माझं बोलणं बंद आहे.

तुझं पत्र त्यांनीच वाचलं. एकच ओळ. "ताई, कधीपासून ऐकू येत नाही?" पहिल्यांदा हळू वाचलं. मी म्हटलं, काय? दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा ओरडून वाचलं, तेव्हा मला कळलं आणि जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांनाही कळलं. मग ते चष्मा पुसत बसले, तेव्हा चोर कोण तेही कळलं. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या या माणसाने, आणि स्वतःची एकुलती एक चूक नेमकी माझ्या पत्रात केली.

नऊ वर्षांनी तुझी एक ओळ येते, आणि तोही प्रश्न.

साडेतीन वर्षांपासून. झालं समाधान? आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग दुतारी. माणसं ओरडली की ऐकू येतात, आणि माणसं ओरडतातच, त्यामुळे त्यांची अडचण नाही. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलंय. त्यातून बोलणं बरं कळतं, पण तार छेडली की वाटतं शेजारी कुणी ताटल्या विसळतंय. ते सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवून दिलंय.

चिमणी तेव्हा माझ्याकडेच शिकत होती. रोज संध्याकाळी समोर बसायची. मला तिची बोटं दिसायची, बाकी काही नाही. म्हणून मी म्हणायचे, "पुन्हा." वाटायचं, या खेपेला थोडं तरी कानात पडेल. ती पुन्हा वाजवायची. "पुन्हा." एके दिवशी एकच ओळ तिने अकरा वेळा वाजवली आणि बोटं थांबली. वर बघते तर डोळ्यांतून धारा. "आजी, नक्की काय चुकतंय ते तरी सांग."

काय सांगणार होते? म्हटलं, "माझ्याकडचं संपलं. नर्सिंगला जातेच आहेस, तर धाकट्या आजीकडे जा." तिचा समज झाला की मी तिला नापास केलं. मी तो होऊ दिला. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा खाष्ट म्हणवून घेणं सोपं. त्याचा मला सराव आहे.

म्हणजे तू तिला पळवली नाहीस. मीच पाठवली, माझ्या हातांनी तिची बॅग भरून. आणि बस वळणावर दिसेनाशी झाल्यापासून तुझ्यावर जळतेय. तू शाळेत गेलीस आणि मला अकराव्या वर्षी बांधणीत बसवलं, तेव्हाही जळले होते, पण खळ ढवळता ढवळता ते विझलं. रेडिओच्या वेळी जळले, त्याचा धूर तू बघितलास. पण हे निराळंच आहे. तू तिला रोज ऐकतेस. तिची डावी करंगळी अजून उशिरा पडते का, तुला माहीत आहे. गाताना श्वास कुठे तुटतो, तुला माहीत आहे. मी वाढवली आणि तू ऐकतेस. ताट माझं आणि जेवते शेजारीण.

दुकानवाली म्हणतेय, "आजी, जरा हळू सांगा, हात दुखतो." हात दुखत नाहीये तिचा. नाक ओढतेय.

जुनी दुतारी का देत नाही, तेही आता सांगून टाकते. चीर वगैरे काही नाही. दातांत धरली की जगातली तेवढी एकच गोष्ट मला पूर्ण ऐकू येते. ती दिली तर घरात मी आणि भिंती.

चिमणीला यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं, तर नऊ वर्षांच्या अबोल्यात आणखी नऊ मिळवीन, आणि माझ्याकडे फार नऊ उरलेले नाहीत.

खाली दुकानवालीने काही लिहिलं असेल तर ते लाकडी डब्याचं नाव आणि नंबर असेल. लिहिताना मी तिच्या हातावर नजर ठेवून होते.

ताई

२७ सप्टेंबर

धाकटे,

पुन्हा जुनं अक्षर दिसेल. प्रूफवाले तीन दिवस जिन्यात उभे राहत होते, हातात पेन घेऊन. चौथ्या दिवशी म्हटलं, या आत, गुडघे जातील. अट एकच. आता लिहून झालं की मी कानात यंत्र घालते आणि ते सगळं, पानाच्या टोकापर्यंत, वाचून दाखवतात.

तुझी आठ पानं मिळाली. दोन बैठकांत ऐकली.

रेडिओबद्दल तू लिहिलंयस ते ऐकलं. 'ताई' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की त्या कुठे वाजवतात. मग सांगावं लागलं असतं की ती वाजवत नाही, माझ्या शाळेसाठी पुस्तकं शिवत बसली. त्याची लाज वाटली, म्हणून एकटी म्हणालीस. बरं. लाज वाटली तुला आणि जळाले मी. आपल्या घरात कामाची वाटणी नेहमी अशीच. मला आधी का नाही सांगितलंस ते विचारत नाही, कारण मग तूही मला तेच विचारशील.

पण सातव्या पानावर जे लिहिलंयस, ते मी पुन्हा वाचायला लावलं. चिमणी एक ओळ वाजवते, थांबते आणि वर बघते. तू पुढे जा म्हणालीस की मगच पुढे जाते. दोन वर्षं झाली तरी सवय सुटत नाही. घरी ठीक आहे, पण तीनशे लोकांसमोर ती प्रत्येक ओळीनंतर वर बघणार, समोर 'पुन्हा' म्हणायला कुणी नसणार, आणि तिथेच तिचं सगळं अडणार. तू म्हणतेस, हे माझ्याने सुटणार नाही, ताई, गाठ तू मारलीयस.

दोन वर्षं मी तुझ्यावर जळतेय की पोरगी तुझी झाली. आणि ती तुझ्या घरात बसून दर ओळीला मला शोधतेय.

आज एवढंच. प्रूफवाल्यांना पाणी हवंय.

ताई

८ ऑक्टोबर

धाकटे,

लाकडी डबा घेतलास, ऐकून बरं वाटलं. मोठी बहीण कधीतरी बरोबर असते, हे आठ पानांत कुठे आलं नव्हतं.

आता नीट ऐक. डबा चिमणीच्या तोंडासमोर ठेवायचा नाही, नाहीतर शिट्टी मारेल. तिच्या पुढे, एका बाजूला, लोकांकडे तोंड करून. जाड आवाजाचं बटण अर्ध्याच्या खाली, कारण दुतारीच्या पोटाला स्वतःचा जाडेपणा आहे. चकती घोडीवर चिकटवू नकोस, तार दबते. घोडीच्या बाजूला, बोटभर अंतरावर. आवाज किती ठेवायचा ते असं ठरव: शेवटच्या रांगेत कुणाला तरी बसव. तो मान पुढे काढून ऐकत असेल तर कमी आहे, मागे टेकला की पुरे.

जुनी दुतारी घेऊन मी अठरा तारखेच्या सकाळच्या बसने निघतेय. पाठवणार नाही, आणणार आहे. कार्यक्रमापुरती तिची, एकवीस तारखेला परत माझी. चिमणीला दुतारीच्या डोक्यावरच्या दातांच्या खुणा दाखव आणि कुणाचे कुठले ते सांग. पुढेमागे कुणी मुलाखत घेतलीच तर तिच्याकडे पुरावा असू दे.

डब्याच्या मागे, पडद्याला लागून, माझी खुर्ची ठेव. तिथून मला डब्यावर हात ठेवता येईल. दुकानवालीकडे चार दिवस सराव केलाय. तळहात टेकवला आणि कान जवळ नेला की तार वेगळी कळते, गाणं वेगळं कळतं. चिमणीला माझ्याआधी ऐकतो आणि तरी मी ज्याच्यावर जळत नाही, असा हा डबा पहिलाच. खुर्ची एकच ठेव. तू पहिल्या रांगेत बस, तुला तिथूनही ऐकू येतं.

बरं, दोन ठेव. पण डब्याच्या बाजूची माझी.

कार्यक्रमाचा छापील कागद मिळाला. प्रूफवाल्यांनी त्यात तीन चुका काढल्या आणि लाल करून ठेवल्यात. चिमणीच्या नावाखाली 'शिकवणाऱ्या: दोन्ही आज्या' असं छापलंय म्हणतात. ती ओळ मी त्यांना दोनदा वाचायला लावली. पहिल्यांदाही ऐकू आली होती.

आता पुढचं तू वाचायचं नाहीस, चिमणीला वाचून दाखवायचंस. आवाज चढवून, नाटक न करता.

चिमणे, तू कधी चुकली नाहीस असं मी म्हणणार नाही. मला माहीतच नाही. मला ऐकू येत नव्हतं. तू अकरा वेळा वाजवलंस आणि मी अकराही वेळा फक्त तुझी बोटं बघितली. 'पुन्हा' म्हणजे चूक नव्हती गं. मला तू ऐकायची होतीस. हे तेव्हा सांगायला हवं होतं, पण तुझ्यासमोर म्हातारी व्हायचं जिवावर आलं. वीस तारखेला ओळ संपली की वर बघू नकोस, पुढे जा. मी डब्यावर हात ठेवून मागे बसलेली असेन. आणि घरी आल्यावर 'पुन्हा' म्हटलं, तर घाबरू नकोस. आवडलं म्हणून म्हणेन.

झालं. आता पुन्हा तू.

तू विचारशील, आल्यावर खायला काय ठेवू. अक्रोड नको. नऊ वर्षांपूर्वीचं खोकं मी रागाने परत केलं असं तू समजलीस, आणि राग होताच. पण तू हेही विसरली होतीस की माझे दात तेव्हाच गेले होते. आता वरचे पुढचे दोन तेवढे उरलेत, आणि ते खायचे नाहीत, दुतारीचे आहेत. तेव्हा अंजीर ठेव. मऊ बघून, रात्रभर भिजवून, आणि चार जास्त, प्रूफवाले पिशवी धरायला बरोबर येतायत.

ताई